पावणेदोन लाख टनांचं जहाज धक्क्याला कसं लावतात: पायलट, टग आणि वेगाचा हिशेब

बंदरात शिरणारं मोठं जहाज किनाऱ्यावरून पाहिलं तर वाटतं, इथे काहीच घडत नाहीये. एक रंगीबेरंगी भिंत हळूहळू सरकते आहे, बाजूला दोन-तीन टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी, रेंगाळताहेत, बस्स. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, मात्र त्या वेळात एकामागून एक आज्ञा सुटत असतात. त्यातल्या बहुतेक एकाच खटाटोपासाठी असतात: वेग मारायचा, पण सुकाणू मरू द्यायचं नाही.

सगळी मेख इथेच आहे. सुकाणूच्या पात्यावरून पाणी वाहत असेल तरच जहाज वळतं. वेग उतरला की पाणी मंदावतं आणि सुकाणू ऐकेनासं होतं. वेग ठेवावा, तर एवढं वजन थांबत नाही. सात-आठ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जहाज सुकाणूच्या मुठीत असतं, शून्याला दोरांच्या. मधल्या पट्ट्यात ते कुणाचंच नसतं, आणि टग लागतात त्या याच पट्ट्यासाठी. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे डोक्यात ठेवा.

उदाहरणासाठी एक कंटेनर जहाज धरू. लांबी ३६६ मीटर, रुंदी ५१ मीटर, ड्राफ्ट म्हणजे पाण्याखालचा भाग १४ मीटर. जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं त्यावरून मोजायचं तर वजन पावणेदोन लाख टनांच्या घरात. एकच इंजिन, एकच पंखा, एकच सुकाणू, पुढे बो थ्रस्टर, म्हणजे नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आडवी ढकलणारा पंखा. चॅनेलमधून, म्हणजे जहाजांसाठी खोल ठेवलेल्या वाटेतून, आत यायचं, बंदरातल्या मोकळ्या वर्तुळात फिरवायचं आणि डावी बाजू धक्क्याला लावायची.

आदल्या दिवशीचा हिशेब

काम सुरू होतं ते कागदावर. आधी तळाखालचं पाणी. नकाशावर खोली १६ मीटर आणि जहाज १४ मीटर, म्हणजे खाली २ मीटर शिल्लक, असा हिशेब नवखा करतो. चालतं जहाज उभ्या जहाजापेक्षा खोल बसतं. तळाखालून पाणी वेगानं निसटतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली ओढलं जातं. याला स्क्वॉट म्हणतात. बॅरस यांचं सोपं सूत्र असं: ब्लॉक गुणांक (जहाजाचा पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती हिश्श्याइतका भरतो तो आकडा) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले १००. उत्तर मीटरमध्ये येतं. अरुंद चॅनेलमध्ये ते दुप्पट धरायचं. आपल्या जहाजाचा गुणांक ०.६८ धरला तर १० नॉटला उघड्या पाण्यात जवळपास ०.७ मीटर आणि चॅनेलमध्ये १.४ मीटरच्या आसपास. वेग ७ नॉटवर आणला की हाच आकडा निम्मा होतो. खोली कमी वाटली तर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे वेग कमी करणं, तो असा.

दुसरी फसवणूक कलण्याची. ५१ मीटर रुंदीचं जहाज वळताना किंवा वाऱ्यानं फक्त १ अंश कललं तरी एका बाजूचा तळ ४५ सेंटिमीटर खाली जातो. २ अंशांना जवळजवळ ९० सेंटिमीटर. स्क्वॉट आणि कल एकत्र आले की त्या २ मीटरमधलं काय उरतं, ते तुम्हीच मांडून बघा. म्हणून खोल जहाज भरतीच्या खिडकीतच आणतात. उधाणाला पाणी भरपूर मिळतं पण ओढही जबर असते. भांगाच्या भरतीला ओढ कमी पण पाणीही कमी. बहुतेक वेळा भरतीचा शेवट गाठायचा, म्हणजे पाणी पुरेसं असतं आणि धक्क्याशी पोचेपर्यंत ओढ मंदावलेली असते. ओढ उरणारच असेल तर जहाज तिच्या तोंडाला तोंड देऊन लावायचं. पाठीमागून येणारा प्रवाह कधीही मित्र नसतो.

आता वारा. कंटेनर जहाज म्हणजे पाण्यावर उभं केलेलं शीड, फक्त ते उतरवता येत नाही. डेकवर सात-आठ थर कंटेनर असले तर आपल्या जहाजाच्या एका बाजूचं क्षेत्रफळ १२,००० चौरस मीटर सहज भरतं. आडव्या वाऱ्याचा जोर काढायची पायलट मंडळींची, म्हणजे बंदरात जहाजं आत-बाहेर नेणाऱ्या तिथल्या दर्यावर्दींची, सोपी रीत आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, १८ ने भागा. दर हजार चौरस मीटरमागे तितके टन. १० नॉटच्या वाऱ्याला १८ टन येतात. २० नॉटला ७०. ३० नॉटला जवळपास १६०. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, हे वाक्य पाठ करून उपयोग नाही. आकडे स्वतः मांडले की अंगावर येतात.

त्यावरून टग ठरतात. आजची चांगली बंदर-टग ६० ते ८० टन ओढते. हा आकडा उभ्या पाण्यात, सरळ ओढीत मोजलेला असतो. प्रत्यक्षात कोन तिरका असतो, आखूड दोरावर टगच्या पंख्याचं पाणी जहाजाच्याच अंगावर आपटून ओढ खातं, आणि जहाज चालत असेल तर टगची बरीच ताकद नुसती सोबत धावण्यात जाते. मी एकूण ताकदीतला चौथा हिस्सा हिशेबाबाहेर ठेवतो. ७० टनांच्या तीन टग म्हणजे कागदावर २१०, हिशेबात दीडशेच्या थोडं वर. २० नॉटच्या वाऱ्याला हे भरपूर, २५ नॉटच्या ११० टनांनाही पुरतं, ३० नॉटला नाही. मर्यादा इथेच, कोरड्या कपड्यांत आणि शांत डोक्यानं ठरवायची. धक्क्यासमोर ठरवायला गेलात तर वारा ठरवेल.

थ्रस्टरही मोजा, पण बेतानं. एक हजार किलोवॅटमागे सुमारे १३ टन धरायचे, आणि जहाज तीन-चार नॉटच्या वर असताना थ्रस्टर जवळजवळ नाहीच असं समजायचं.

कागदावरची शेवटची ओळ: परतीचा बिंदू. चॅनेलमध्ये एक जागा अशी असते की तिच्या आधी जहाज फिरवून बाहेर नेता येतं किंवा नांगर टाकता येतो, आणि नंतर फक्त पुढेच जाता येतं. ती नकाशावर आखायची आणि तिथे पोचण्याआधी विचारायचं: टग आल्या का, धक्का रिकामा आहे का, वारा मर्यादेत आहे का? एकाचंही उत्तर नाही असेल तर आत शिरायचं नाही.

जहाजाची तयारी

पायलट येण्याआधी जहाजानं स्वतःची कामं उरकलेली असावीत. सुकाणूच्या दोन्ही मोटरी चालू. जादा जनरेटर चालू. इंजिन उलटं चालवून पाहिलेलं. इंधन बदलायचं असेल तर ते बाहेर खोल समुद्रातच, कारण बदलाच्या वेळीच इंजिन रुसण्याची शक्यता जास्त. दोन्ही नांगर मोकळे, आणि नांगराशी माणूस हजर. नियमाप्रमाणे मुख्य सुकाणू ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत जायला हवं. ते जातं का, हे घड्याळ लावून बघा.

पायलट चढताना

इथला पायलट म्हणजे त्या बंदराचं पाणी तोंडपाठ असलेला दर्यावर्दी. सगळ्या कामातला त्याच्या जिवाला सर्वात धोक्याचा भाग म्हणजे हलत्या बोटीतून दोरशिडीवर पाय टाकण्याचा क्षण. शिडी लावणाऱ्यांनी तो कधीही किरकोळ समजू नये.

सोलास या समुद्रातल्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला २३ वा नियम यासाठीच आहे. पाण्यापासून डेकपर्यंतची चढण ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती दोरशिडी चालत नाही. दोरशिडी आणि तिरका जिना यांची जोडणी लावावी लागते. आपल्या जहाजाची बाजू इतकी उंच आहे की बहुतेक वेळा जोडणीच लागेल. जिन्याचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, खालचा प्लॅटफॉर्म पाण्यापासून किमान ५ मीटर वर हवा, आणि शिडी व जिना दोन्ही जहाजाच्या अंगाला पक्के बांधलेले हवेत. प्लॅटफॉर्म लोंबकळत राहिला तर चढणारा माणूस भिंत आणि जिना यांच्यामध्ये सापडतो. हाताचे दोर मागितले तर ते २८ ते ३२ मिलिमीटर जाडीचे. शेजारी दिव्याचा लाइफबॉय, वर एक अधिकारी, त्याच्या हातात वॉकीटॉकी.

जहाज थोडं वळवून शिडीच्या बाजूला आडोसा करायचा, म्हणजे वारा आणि लाटा दुसऱ्या बाजूला राहतात. वेग पायलट बोट मागेल तो. साधारण ६ ते ८ नॉट. शिडीवर माणूस असताना सुकाणूला हात लावायचा नाही.

ब्रिजवरची पहिली पाच मिनिटं

पायलट वर आला की हात मिळवून लगेच खिडकीकडे पळण्याची घाई होते. ती टाळा. कॅप्टन पायलट कार्ड देतो: ड्राफ्ट, इंजिनच्या प्रत्येक आज्ञेला मिळणारा वेग, थ्रस्टरची ताकद, बिघडलेलं काही असेल तर ते. पायलट आपला बेत सांगतो: कुठे किती वेग, टग कुठे कुठे, कुठल्या हातानं फिरवायचं, कुठली बाजू लावायची. आजकाल पायलट स्वतःचा टॅबलेट आणि अँटेना घेऊन येतो. त्यावर नाळ आणि पिछाडी किती वेगानं आडवी सरकताहेत ते सेंटिमीटर प्रति सेकंदात दिसतं.

पायलट कार्डावरचा एक आकडा मी हमखास विचारतो: डेड स्लोला, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात मंद आज्ञेला, किती नॉट? मोठ्या कंटेनर जहाजांची इंजिनं लांब पल्ल्याच्या वेगासाठी बनलेली असतात. सगळ्यात कमी फेऱ्यांवरही कित्येक जहाजं सहा-सात नॉट पळतात. त्याखाली यायचं तर इंजिन बंदच करावं लागतं. मग अधूनमधून सुकाणू पूर्ण वळवून इंजिनाचा छोटा झटका द्यायचा, पात्यावर पाणी मारायचं, आणि वेग वाढायच्या आत पुन्हा बंद. याला किक म्हणतात. पण सुरू करायला दाबलेली हवा लागते. उलटं चालणाऱ्या इंजिनासाठी टाक्यांत किमान १२ वेळा सुरू करण्याइतकी हवा असावी, असा नियम आहे. बारा हा आकडा मोठा वाटतो. अस्वस्थ माणसाच्या हातात तो वीस मिनिटांत संपतो.

आज्ञा देतो पायलट, पण जहाज कॅप्टनचंच राहतं. पनामा कालवा हा याला ठळक अपवाद. तिथे ताबा पायलटकडे जातो. बाकी सगळीकडे कॅप्टनला शंका आली तर विचारणं हा त्याचा हक्क आहे, आणि वेळ आली तर आज्ञा बदलणंही. तिसऱ्या अधिकाऱ्याचं कामही सोपं नाही. सुकानीनं “स्टारबोर्ड टेन” (उजवीकडे दहा अंश) म्हटलं आणि काटा डावीकडे गेला, तर ते पहिल्यांदा त्याला दिसलं पाहिजे आणि त्यानं ओरडून सांगितलं पाहिजे.

चॅनेलमधून आत

आता ५१ मीटर रुंदीचं जहाज चॅनेलमध्ये किती जागा खातं? बाजूनं वारा असेल तर सरळ जाण्यासाठी नाळ वाऱ्याकडे थोडी धरून तिरकं चालावं लागतं. फक्त ५ अंश तिरकं असेल तरी ३६६ मीटर लांबीमुळे ते ८३ मीटर रुंदीचा पट्टा झाडत जातं. बोयांच्या, म्हणजे चॅनेलच्या कडा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, मधोमध असल्याचा भास होतो आणि पिछाडी कडेला घासत असते.

यात ब्रिजची जागा भर घालते. मोठ्या कंटेनर जहाजांचा ब्रिज बरेचदा पुढे, नाळेपासून लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर असतो. पुढे चालणारं जहाज ज्या बिंदूभोवती फिरतं, तोही नाळेपासून चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावरच. म्हणजे पायलट नेमका फिरण्याच्या बिंदूपाशी उभा, जिथे बाजूला सरकल्याचं काहीच कळत नाही, आणि त्याच्या पाठीमागे अडीचशे मीटर जहाज बाहेर फेकलं जात असतं. मागे वळून बघा. दर वळणाला बघा. पुढे तर कंटेनरमुळे नाळेसमोरचं पाणी दिसतच नाही. नियम ५०० मीटरपर्यंत आंधळा पट्टा चालवून घेतो.

वळण डोळ्यांनी घेऊ नये. अंश प्रति मिनिट म्हणजे वळण्याचा दर ठरवून घ्यावा. नॉटमधला वेग भागिले सागरी मैलातली त्रिज्या, साधारण तितके अंश दर मिनिटाला. ८ नॉट आणि १ मैल त्रिज्या, म्हणजे जेमतेम ८ अंश. जहाज वळायला लागलं की त्याला थांबवायची आज्ञा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा आधी द्यायची.

काठ जवळ आला की वेगळाच प्रकार सुरू होतो. काठ आणि जहाज यांच्यामधून पाणी वेगानं निसटतं, पिछाडी काठाकडे ओढली जाते आणि नाळ काठापासून दूर ढकलली जाते. सुकाणू काहीही म्हणो, जहाज समोरच्या काठाकडे झेपावतं. वेग जितका जास्त तितकी ही ओढ जबर, आणि माणसाचा पहिला हात जातो तो इंजिनाकडे, अजून वेग वाढवायला. सुएझ कालव्यात २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज वादळी वाऱ्यात आडवं रुतलं आणि २९ मार्चला सुटलं. अशा अरुंद पाण्यात वारा, वेग आणि काठ तिघे एकत्र येतात, तेव्हा दुरुस्तीला जागाच उरत नाही.

माझ्यापुरता वेगाचा जिना असा आहे. चॅनेलच्या तोंडाशी ८ ते १०, ब्रेकवॉटरशी (लाटा अडवणाऱ्या बांधाशी) ६ ते ७, धक्क्यापासून मैलभर आधी ४ ते ५, अर्ध्या मैलावर ३ च्या आत. दर पायरीवर प्रत्यक्ष आकडा मोठ्यानं वाचायला सांगायचं. एक नॉट जास्त दिसला तर तिथेच मारायचा, पुढच्या पायरीवर ढकलायचा नाही.

टग बांधणं

पहिली टग पिछाडीला, मधोमधच्या छिद्रातून. ती आधी बांधायची, कारण वेग मारायला आणि इंजिन बंद असताना दिशा द्यायला तीच लागते. मागोमाग पुढची, मग जहाजाच्या खांद्यावर, म्हणजे नाळेमागच्या बाजूला, एक. ब्रेकवॉटरच्या बाहेर लाटा असतील तर आत येऊन बांधावं, पण पिछाडीची जितकी बाहेर बांधता येईल तितकं बरं.

बांधण्याची रीत अशी: डेकवरून बारीक दोर खाली सोडायचा, टगवाले त्याला जाड दोर बांधतात, तो विंचवर (दोर ओढायच्या यंत्रावर) ओढून घ्यायचा आणि टगच्या मुख्य दोराचं डोळं, म्हणजे टोकाचा फास, बिट्सवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटांवर) चढवायचं. दोराच्या वळशात पाय टाकायचा नाही, आणि डोळं चढल्याची खूण मिळाल्यावर सगळ्यांनी मागे हटायचं. बिट्सवर कोरलेली ताकद वाचा. नव्या टग ८० टन ओढतात आणि जुन्या जहाजाच्या बिट्स त्यापेक्षा कमी टनांच्या निघतात. तसं असेल तर ते पायलटनं टगच्या कॅप्टनला आधी सांगायचं.

ढकलण्यासाठीही वाटेल तिथे नाक टेकवून चालत नाही. कंटेनर जहाजाची नाळ आणि पिछाडी वरच्या बाजूला बाहेर झुकलेली असते. तिथे घुसलेल्या टगचा मास्ट जहाजाच्या अंगाखाली सापडतो. जहाजाच्या बाजूवर टगची खूण रंगवलेली असते, तिथे आतून मजबूत फासळ्या असतात. ढकलायचं तर तिथेच.

टगला दिलेली आज्ञा तीन गोष्टी सांगते: कोण, कुठल्या दिशेला, किती जोरानं. “मागची टग, उजवीकडे नव्वद अंश, हाफ.” टगचा कॅप्टन शब्दन् शब्द परत म्हणतो. नाव न घेता दिलेली आज्ञा दोन टग पाळतात किंवा एकही पाळत नाही.

टगवाल्यांचा धोका ब्रिजवरून दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो. जहाज टगपेक्षा वेगानं पुढे गेलं आणि दोर टगच्या आडव्या अंगावरून ताणला गेला की टग काही सेकंदांत उलटते. याला गर्टिंग म्हणतात. डिसेंबर २००७ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत दाट धुक्यात फ्लाइंग फँटम ही टग अशीच उलटली आणि तिच्यावरचे तिघे गेले. पुढची टग बांधलेली असताना इंजिनाचा प्रत्येक झटका देण्याआधी तिला रेडिओवर सांगायचं, हा शिष्टाचार नाही, तिच्यावरच्या माणसांचा जीव आहे.

सोडतानाचंही तसंच. सेकंड ऑफिसर असताना मागच्या टोकाला माझ्याकडून टगचा दोर सावकाश उतरवण्याऐवजी झटक्यात सुटला. टग हटली, दोर पाण्यात पडला आणि तिच्या पंख्याच्या हातभर अंतरावरून गेला. टगच्या कॅप्टननं रेडिओवर जे सांगितलं ते इथे छापता येणार नाही, पण बारीक दोरानं हळूहळू उतरवणं मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही.

इंजिन किंवा वीज गेली तर

अशा वेळी विचार करायला फुरसत नसते, म्हणून उत्तर आधीच ठरलेलं असावं. सुकाणू कुठे अडकलंय ते विचारा. मागच्या टगला सरळ मागे, पूर्ण जोर. पुढे मोकळं पाणी कुठे आहे ते बघून नाळ तिकडे. नांगर: उथळ पाण्यात एक ते दीड शॅकल, म्हणजे तीस-चाळीस मीटर साखळी सोडली की नांगर तळावर घासत ओढला जातो आणि वेग खातो. वेगात असताना सगळी साखळी सोडली तर ब्रेक जळतो आणि साखळी शेवटापर्यंत धावते.

मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडणाऱ्या डाली या सुमारे ३०० मीटर लांब कंटेनर जहाजाची वीज गेली आणि साधारण चार मिनिटांत ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावरचे सहा कामगार मेले. धक्क्यापासून सोडवणाऱ्या दोन टग तिथल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे त्याआधीच परतल्या होत्या. पूल किंवा अरुंद वळण ओलांडेपर्यंत पिछाडीची टग बांधलेली ठेवावी, असं माझं मत होतंच. आता ते मांडताना समोरच्याशी फारसा वाद होत नाही.

वर्तुळात फिरवणं

वर्तुळाचा व्यास सहसा जहाजाच्या लांबीच्या दीड ते दोन पट असतो. आत शिरताना वेग दोन नॉटच्या खाली हवा, मधोमध येता येता शून्य. मग पुढची टग एका बाजूला, मागची दुसऱ्या बाजूला ओढते, थ्रस्टर पुढच्या टगला साथ देतो.

उजव्या हाताच्या पंख्याचं जहाज मागे चालवलं की पिछाडी डावीकडे आणि नाळ उजवीकडे जाते. म्हणून जागा आणि वारा परवानगी देत असतील तर उजवीकडे फिरवायचं. थांबवण्यासाठी दिलेला झटकाच फिरवायला मदत करतो. फिरताना जहाज जागच्या जागी राहत नाही, वाऱ्याबरोबर वाहतं. तेव्हा वर्तुळाच्या मध्यापासून थोडं वाऱ्याच्या बाजूला सुरुवात करायची. नाळ आणि पिछाडीवरचे अधिकारी अंतर सतत सांगत राहतात: “मागे बोया ६० मीटर… ५०… ५० वर स्थिर.” “सगळं ठीक” हे उत्तर बिनकामाचं, मीटर हवेत.

शेवटचे शंभर मीटर

धक्क्यासमोर आलात. इथे पहिलं काम क्रेनकडे बघणं. धक्क्यावरच्या क्रेनचे हात वर उचललेले आणि क्रेन जहाजाच्या मधल्या भागासमोर गोळा केलेल्या हव्यात, कारण झुकलेली नाळ धक्क्याच्या कडेवरून आत येते. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसान बंदरात मिलानो ब्रिज हे आपल्या उदाहरणाएवढंच कंटेनर जहाज धक्क्याला येताना क्रेनवर आदळलं आणि अख्खी क्रेन कोसळली. जहाज जवळपास रिकामं होतं आणि पंखा पूर्ण पाण्यात नव्हता. रिकाम्या जहाजाचं इंजिन कार्डावर लिहिल्याप्रमाणे थांबवत नाही, म्हणून त्याला नेहमीपेक्षाही हळू आणायचं.

जहाज धक्क्याला समांतर, रुंदीच्या दीडपट अंतरावर, पूर्ण थांबवा. पूर्ण म्हणजे पुढे-मागे शून्य. मग टगनं हळूच आडवं सरकवायचं. नव्या माणसाला हे थांबणं वेळेचा अपव्यय वाटतं. माझ्या मते पायलटचं कसब इथेच कळतं: जो थांबतो, त्याला पुढच्या चुकीसाठी जागा उरते.

अंतराप्रमाणे आडवा वेगही उतरत जावा. ५० मीटरवर सेकंदाला २० सेंटिमीटर चालतील, २० मीटरवर १५, टेकताना १० च्या आत. दहा सेंटिमीटर म्हणजे दहा सेकंदांत एक मीटर. बघताना हसू येईल इतकं संथ. पण पावणेदोन लाख टन त्या वेगानं टेकतात तेव्हा फेंडर, म्हणजे धक्क्याला लावलेली रबरी गादी, जवळपास ९०० किलोज्यूल गिळतो, आणि सोबत हलणारं पाणी धरलं तर अजून जास्त. वीस सेंटिमीटरला चौपट. शिवाय एक टोक आधी टेकलं तर हा सगळा भार एक-दोन फेंडरवर येतो. समांतर टेकणं म्हणून महत्त्वाचं.

वारा धक्क्याकडे ढकलत असेल तर टगनी सुरुवातीपासून बाहेर ओढत राहायचं आणि जहाज जणू दोरीनं सोडायचं. वारा धक्क्यापासून दूर नेत असेल तर ढकलायचं, आणि दोर बांधून होईपर्यंत ढकलत राहायचं. पहिला प्रकार जास्त फसवा. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच वेग वाढत असतो. भिंतीसारखा भरीव धक्का असेल तर मधलं पाणी शेवटी उशीसारखं दाबलं जाऊन जहाजाला अडवतं; खांबांवरचा धक्का असेल तर ते पाणी खालून निघून जातं आणि ती उशी मिळत नाही.

दोर

पहिले दोर स्प्रिंगचे, एक पुढून मागे जाणारा आणि एक मागून पुढे जाणारा. यांनी जहाज पुढे-मागे घसरायचं थांबतं. क्रेनसाठी जहाज नेमक्या जागी लागतं, म्हणून धक्क्यावरून आवाज येतो: “तीन मीटर पुढे.” ते तीन मीटर टग आणि किकनं हलवायचं. विंचनं ओढून हलवायला गेलं तर दोर ताणून तुटतो, आणि तुटलेला दोर ज्या रेषेत परत फटकारतो, त्या रेषेत उभ्या माणसाला काही कळायच्या आत संपवतो. डेकवर सगळीच जागा धोक्याची समजा.

मग नाळेचे चार आणि पिछाडीचे चार, आणि आडवे दोन-दोन. शेवटचा दोर विंचच्या ब्रेकवर बसेपर्यंत टग ढकलतच राहते. “सगळे दोर पक्के” असं दोन्ही टोकांकडून ऐकल्यावर आधी पुढची टग सुटते, मग मागची, आणि तेव्हाच इंजिन रूमला “फिनिश्ड विथ इंजिन्स”, म्हणजे इंजिनाचं काम संपलं, असं सांगायचं. या क्रमात घाई करणारे कॅप्टन मी पाहिलेत. वाऱ्याच्या एका झोतानं जहाज चार मीटर बाहेर गेलं की त्यांचा चहा गार होतो.

पायलट कागदावर सही घेऊन जिन्याकडे निघतो. शिडीत काही खोट दिसली असेल तर ती त्यानं कॅप्टनला तोंडावर सांगायची आणि बंदराला लेखी कळवायची, कारण बाहेर जातानाचा पायलट त्याच शिडीवरून उतरणार असतो. जहाजावर तोवर पहिला अधिकारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून बसलेला असतो: पाणी उतरलं की दोर सैल पडणार, पाणी चढलं किंवा माल उतरला की जहाज वर येणार आणि तेच दोर ताणणार. रात्री कोण, कधी कुठले दोर ओढणार किंवा सैल करणार, हे तो त्याच वेळी वाटून देतो.